इमारत करायची ती कामं

घरून काम करणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "घरी कामात लक्ष लागतं का?" विचारणाऱ्याचा रोख शिस्तीकडे असतो. डोक्यावर साहेब नाही, शेजारी सहकारी नाहीत, पलंग चार पावलांवर, तेव्हा माणूस ढिला पडणारच, असं त्याला मनापासून वाटतं. मी एका कंपनीच्या पगार विभागात आहे. २०२० मध्ये कोरोनाच्या महामारीत सगळ्यांबरोबर घरी आले आणि पुढे आमच्या विभागाने घरून काम कायम ठेवलं तेव्हा घरीच राहिले. एवढ्या काळात आळसापायी घरून काम फसलेली माणसं मी फार थोडी पाहिली. ज्यांचं फसलं त्यांतले बहुतेक चांगले कामसू होते. सगळ्यांच्या आधी लॉगिन करायचे, रात्री पुन्हा लॅपटॉप उघडायचे, आणि तरीही त्यांचं नेमकं काय चाललंय हे टीममध्ये कोणाला सांगता यायचं नाही. काही दमून गेले, काही एकटे पडले, काहींनी नोकरीच सोडली.

त्यांच्याकडे पाहता पाहता माझ्या लक्षात येत गेलं की ऑफिसची इमारत आपल्यासाठी बरीच कामं परस्पर करून टाकत असते. दारातून आत शिरलो की दिवस सुरू झाला, हे ती सांगते. खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या की दिवस संपला, हेही तीच सांगते. आपण आकड्यांत डोकं घालून बसलोय हे पलीकडच्याला दिसतं, म्हणून तो अर्ध्या तासाने येतो. कोणाचा राजीनामा आला, कुठल्या विभागात बढत्या होणार, नवं सॉफ्टवेअर कधी येणार, हे जिन्यात किंवा लिफ्टची वाट पाहताना कानावर पडतं. नव्या माणसाला कोणी मुद्दाम शिकवायला बसत नाही, तरी शेजारच्याचे फोन ऐकून तो अर्धं काम शिकतो. घरी आल्यावर हे सगळं एकदम बंद पडतं, आणि बंद पडलंय हे कळायलाही वेळ लागतो. घरून नोकरी नीट करायची तर ही कामं एकेक करून ओळखावी लागतात आणि अंगावर घ्यावी लागतात. ज्यांना घरून काम जमलं, त्या सगळ्यांनी कळत-नकळत हेच केलेलं मला दिसतं.

खरं तर इमारतीतही हे सगळं फुकट मिळतं असं नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात संशोधन संस्थांमधल्या अभियंत्यांच्या बसायच्या जागांमधली अंतरं मोजली आणि कोण कोणाशी कामाचं किती बोलतो याच्याशी ती ताडून पाहिली. अंतर वाढेल तसं बोलणं झपाट्याने घटत होतं. साधारण ५० मीटरच्या पुढे गेलं की दोन माणसं आठवड्यातून एकदा तरी कामाचं बोलतील ही शक्यता अगदीच थोडी उरत होती. म्हणजे त्याच मजल्याच्या पार दुसऱ्या टोकाला बसणारा सहकारीही बऱ्याच अंशी परगावी बसल्यासारखाच. दुराव्याची ही अडचण जुनीच आहे, घरून काम करताना ती फक्त झाकून ठेवता येत नाही.

महामारीने घरून काम जन्माला घातलं, असं बोललं जातं तेव्हा मला राहवत नाही. कारखाने येण्याआधी विणकर आणि शिंपी घरातच काम करायचे. यंत्रं मोठी झाली, वाफेवर चालू लागली, म्हणून माणसं एका छपराखाली आली आणि भोंग्यावर उठबस करू लागली. कागदावर काम करणाऱ्यांची कार्यालयंही पुढे त्याच साच्यात बसली. १९७३ मध्ये, तेलटंचाईच्या वर्षी, अमेरिकेत जॅक नायल्स या भौतिकशास्त्रज्ञाने लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठात बसून उलटा विचार केला. माणसांना कामापर्यंत नेण्यापेक्षा काम माणसांपर्यंत नेता येईल का? एका विमा कंपनीच्या कर्मचाऱ्यांना शहराच्या मध्यभागी बोलवण्याऐवजी त्यांच्या घरांजवळच्या छोट्या कार्यालयांत बसवून त्यांनी ते करून पाहिलं. तेव्हा ना घरोघरी संगणक होते ना इंटरनेट.

पण या इतिहासातली मला सगळ्यांत जवळची वाटते ती स्टेफनी शर्ली. १९३९ मध्ये पाच वर्षांची असताना निर्वासित म्हणून ब्रिटनमध्ये आलेली ही मुलगी पुढे संगणकाच्या क्षेत्रात शिरली आणि १९६२ मध्ये तिने 'फ्रीलान्स प्रोग्रामर्स' नावाची कंपनी काढली. लग्न किंवा बाळंतपण यांमुळे नोकरी सुटलेल्या प्रोग्रामर बायकांना तिने घरबसल्या काम दिलं. पहिल्या ३०० जणांत २९७ बायका होत्या. कामावर घेताना त्या काळी एक प्रश्न विचारला जायचा, तुम्हाला टेलिफोन वापरायला मिळतो का? 'स्टेफनी' अशी सही असलेल्या तिच्या पत्रांना उत्तरं येत नव्हती, म्हणून ती 'स्टीव्ह' अशी सही करू लागली आणि उत्तरं येऊ लागली. घरात तान्हं मूल होतं. फोनवर त्याचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून ती टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप मागे लावून ठेवायची. याच बायकांनी आपापल्या घरी बसून काँकर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सची प्रोग्रामिंगची कामं केली.

या गोष्टीत मला भिडतो तो व्यवहाराचा भाग. आपली माणसं घरून आणि अर्धवेळ काम करतात हे ग्राहकापासून झाकायचं होतं, म्हणून तिने तासांवर पैसे न आकारता पूर्ण कामाची ठरावीक किंमत सांगायला सुरुवात केली. किंमत आधी सांगायची तर काम काय आहे, कुठे सुरू होतं, कुठे संपतं, कशाला पुरं झालं म्हणायचं, हे आधी लिहून काढावंच लागतं. एकत्र बसायला इमारत नसली की ही स्पष्टता आणावीच लागते. शर्लीच्या कंपनीच्या नावातच फ्रीलान्स, म्हणजे कामागणिक पैसे, होतं आणि आपण मासिक पगारावर काम करतो. पण माझं आजचं काम कुठे संपतं हे मला सांगता येतं का, हा तिने सोडवलेला प्रश्न घरून काम करणाऱ्या प्रत्येक नोकरदाराला रोज सोडवावा लागतो.

माझ्याच कामातलं सांगते. पगाराचा महिन्याचा एक ठरलेला फेरा असतो. ठरल्या तारखेला उपस्थिती बंद होते, त्याला आम्ही कट-ऑफ म्हणतो. मग नवे रुजू झालेले, सोडून गेलेले, बढती मिळालेले, बिनपगारी रजेवर असलेले, मागची थकबाकी यायची असलेले, अशी सगळी माहिती भरली जाते. पगार चालवून पाहिला की व्हेरिअन्स रिपोर्ट निघतो, म्हणजे मागच्या महिन्याचा आणि या महिन्याचा हातात पडणारा पगार शेजारी शेजारी. जिथे मोठा फरक, तिथे त्याचं कारण सापडलंच पाहिजे. एकाने तयार करायचं, दुसऱ्याने तपासायचं. मेकर आणि चेकर एकच माणूस असता कामा नये, हा आमच्याकडचा पहिला नियम. त्यानंतरच बँकेची फाईल जाते.

ऑफिसात या तपासणीचा मोठा भाग तोंडी व्हायचा. चेकर मान वर करून विचारायचा, "याचा पगार एवढा कसा वाढला?" पलीकडून उत्तर यायचं, "बढती मागच्या तारखेपासून धरली आहे, एरियर्स, म्हणजे थकबाकी आहे त्यात." दोन वाक्यांत काम झालं. घरी आल्यावर हेच दोन वाक्यांचं काम अर्धा दिवस खाऊ लागलं. चेकरने चॅटवर विचारायचं, मेकर तेव्हा दुसऱ्या कॉलवर, त्याने उत्तर द्यायचं तेव्हा चेकर जागेवर नाही. दिवसभर सगळे व्यस्त आणि रिपोर्ट मात्र तिथेच.

यावर उपाय निघाला तो रिपोर्टमधल्या एका रकान्यात. शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना होता, तो बहुतेक वेळा रिकामा असायचा. आम्ही ठरवलं की मोठा फरक असलेल्या प्रत्येक ओळीपुढे मेकरने कारण, कारणाचा पुरावा कुठे आहे आणि आपण काय धरलं आहे, हे तिथे लिहूनच फाईल पुढे पाठवायची. "बढती मागील तारखेपासून लागू, पत्र एचआरच्या फोल्डरमध्ये, दोन महिन्यांची थकबाकी धरली." बस्स, एवढंच. लिहायला अर्ध मिनिट लागतं. पण चेकरला आता विचारायलाच लागत नाही, तो थेट पत्र उघडतो आणि आकडा ताडून पाहतो. पुढे ऑडिटच्या वेळी या शेऱ्यांचा आणखी उपयोग झाला. पूर्वी कोणीतरी आठवून सांगायचं, आता ओळ वाचून दाखवता येते. घरून काम करायला लागल्यामुळे आमचं काम पूर्वीपेक्षा चोख झालं असं मी म्हणते, ते या रकान्याच्या भरवशावर.

निरोप लिहायची पद्धतही अशीच बदलावी लागली. घरून काम करताना सगळ्यांत वेळखाऊ निरोप कुठला असेल तर "हॅलो, एक विचारायचं होतं" हा. समोरचा उत्तर देतो, "हो, बोला." तोवर विचारणारा दुसऱ्या कामाला लागलेला असतो. आता मी अशा तऱ्हेने लिहिते: "या कर्मचाऱ्याची बिनपगारी रजा उपस्थितीत दोन दिवस दिसते, अर्जात एकच आहे. मी उपस्थितीप्रमाणे दोन दिवस धरले आहेत. चार वाजेपर्यंत आपल्याकडून वेगळं कळलं नाही तर हेच पुढे जाईल." यात प्रश्न आहे, आधार आहे, माझा निर्णय आहे, मुदत आहे. वाचणाऱ्याला पाच मिनिटं मिळाली तर तो उत्तर देऊ शकतो, नाही मिळाली तरी काम अडत नाही. असं लिहायला थोडं धाडस लागतं, कारण त्यात आपण निर्णयाची जबाबदारी घेतो. कनिष्ठ माणसाला साहेबांना असं लिहिणं उद्धटपणाचं वाटतं, हे मला माहीत आहे. पण माझ्या अनुभवात वरिष्ठांना हा निरोप आवडतो. त्यांच्याही दिवसात शंभर प्रश्न असतात, आणि त्यांतला एक विचार करूनच आलेला असतो.

वरिष्ठ आणि विश्वास यांबद्दल बोलायलाच हवं. काही ठिकाणी घरून काम म्हणजे चॅटमधला हिरवा ठिपका हिरवा ठेवणं, एवढाच अर्थ उरला आहे. कोण किती वेळ जागेवर होता, माऊस किती हलला, स्क्रीनवर काय होतं, हे मोजणारी सॉफ्टवेअर विकली जातात. त्यांना चुकवायला माऊस आपोआप हलवणारी यंत्रंही विकली जातात. दोन्ही बाजूंची अक्कल अशी खर्ची पडते याचं मला मनापासून वाईट वाटतं. पगार विभागात रोज उपस्थितीचे आकडे हाताळणारी माणूस म्हणून सांगते, उपस्थिती मोजायला सोपी असते म्हणून ती मोजली जाते. काम काय झालं हे सांगायचं तर आधी काम काय करायचं हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवण्याचे कष्ट बऱ्याच मॅनेजरांना नको असतात. म्हणून कर्मचाऱ्याने स्वतःहून हा प्रश्न विचारावा, असं मी नव्या सहकाऱ्यांना सांगते. सोमवारी मॅनेजरला विचारा, या आठवड्यात कोणत्या गोष्टी पूर्ण झाल्या तर तुम्ही समाधानी असाल? शुक्रवारी त्याच गोष्टींपुढे झालं, राहिलं, का राहिलं, एवढं लिहून पाठवा. यात पुढे पुढे करणं काही नाही. इमारतीत आपलं काम दिसत होतं, आता ते दाखवावं लागतं.

दाखवलं नाही तर काय होतं, याचा पुरावा आहे. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास-आरक्षणाच्या कंपनीत २०१० च्या अखेरीला सुरू झालेला नऊ महिन्यांचा एक प्रयोग स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासला. कॉल सेंटरमधल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या लोकांतून, ज्यांच्या घरी काम करायला स्वतंत्र खोली आणि चांगलं इंटरनेट होतं असे निवडले. जन्मतारीख सम की विषम यावरून कोण घरी आणि कोण ऑफिसात, हे ठरवलं. घरची तुकडी आठवड्यातले चार दिवस घरून काम करत होती. तिचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. बरीचशी वाढ सुट्ट्या आणि मधले खंड कमी झाल्यामुळे होती, थोडी शांततेमुळे. नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. इथवरचा भाग सगळे सांगतात. पुढचा कोणी फारसा सांगत नाही. तितकंच चांगलं काम करूनही घरच्या लोकांना बढत्या कमी मिळाल्या. आणि प्रयोग संपल्यावर ज्याला हवं ते निवडू दिलं, तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी साधारण निम्मे ऑफिसात परत गेले. एकटेपणा हे त्याचं मोठं कारण होतं.

मला या प्रयोगातल्या दोन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे ती स्वतंत्र खोली. प्रयोगात शिरायलाच ती अट होती. ज्यांच्याकडे ती नाही त्यांना आपण शिस्तीचे धडे देतो, हे अन्यायाचं आहे. ज्याला दार लावता येत नाही त्याने ऑफिसात जायचं ठरवलं तर त्यात कमीपणा कसला? दुसरी गोष्ट म्हणजे परत गेलेले लोक. ते हरले असं मी मानत नाही. त्यांना स्वतःबद्दल काहीतरी नीट कळलं होतं. त्याच कंपनीत पुढे २०२१-२२ मध्ये १,६१२ जणांवर आणखी एक प्रयोग झाला, त्यात आठवड्यातले दोनच दिवस घरून काम होतं. राजीनामे एक तृतीयांशाने घटले, आणि दोन वर्षांच्या मूल्यांकनात किंवा बढत्यांत काही फरक पडला नाही. २०२४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना निवड करायची मुभा आहे त्यांनी हा मधला रस्ता जरूर पाहावा.

आता घरातली माणसं. खोलीचं दार लागलं तरी घरच्यांना आतली वेळ दिसत नाही. माझी आई आमच्याकडे असते. ती दारातून हळूच विचारायची, "दोन मिनिटं येतेस का गं?" कधी मी उठायचे, कधी हातानेच थांब म्हणायचे, आणि ती हिरमुसायची. तिच्या दृष्टीने मी सकाळी अकरालाही स्क्रीनकडे बघत असते आणि चारलाही. त्यातली कुठली वेळ मोडता येते आणि कुठली नाही, हे तिला कळणार कसं? अकराची वेळ आकडे जुळवण्याची असते, तेव्हा उठून आले तरी पुन्हा धागा सापडतो. चारला बँकेची फाईल असते, तिथे एक ओळ इकडची तिकडे झाली तर कोणाचा तरी पगार चुकतो. मग सकाळीच सांगायला लागले, "आई, आज साडेतीन ते पाच मला हाक मारू नकोस, त्याआधी कधीही मार." तेव्हापासून ती मला आधीच विचारून घेते, आणि साडेतीनला शाळेतून आलेल्या मुलालाही तीच थोपवते. घरच्यांनी आपलं काम समजून घ्यावं अशी अपेक्षा असेल तर आधी ते त्यांना कळेल असं सांगावं लागतं. दिवसभर सगळंच महत्त्वाचं असं म्हटलं की कोणाचाच त्यावर विश्वास बसत नाही.

आमच्या कामात गोपनीयतेचाही प्रश्न असतो. लोकांचे पगार माझ्या स्क्रीनवर असतात, ते माझ्या घरच्यांनीही पाहता कामा नयेत. उठताना स्क्रीन लॉक करायची, कॉलवर आकडे मोठ्याने वाचायचे नाहीत, घरच्या प्रिंटरवर काही छापायचं नाही. ऑफिसात हे राखणीचं काम कार्ड लावल्याशिवाय न उघडणारं दार करायचं.

शरीराबद्दल थोडक्यात. लॅपटॉपची स्क्रीन आणि कीबोर्ड एकत्र जोडलेले असतात, त्यामुळे एक तर मान वाकते नाही तर हात उचलावे लागतात. लॅपटॉप उंचावर ठेवून कीबोर्ड आणि माऊस वेगळे घेतले की हा प्रश्न मिटतो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली, अंतर हातभर, कोपर साधारण काटकोनात. दर २० मिनिटांनी २० फूट लांबची वस्तू २० सेकंद पाहावी, असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. खुर्चीवर मात्र खर्च करावा आणि कंपनीकडे तो मागावा. पोर्तुगालने तर घरून काम करणाऱ्यांचा वाढीव खर्च मालकाने भरून द्यावा असं कायद्यातच लिहिलं. व्हिडिओ कॉलचा थकवाही खोटा नाही. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये त्याची कारणं मांडली: सतत जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा समोर दिसणं, हालचालीला मज्जाव, आणि हावभाव कळावेत म्हणून करावी लागणारी जास्तीची धडपड. स्वतःची चौकट दिसायची बंद करता येते, ती करावी. दोघांचंच बोलणं असेल तर सरळ फोन करावा आणि चालत बोलावं.

सगळ्यांत कठीण काम मला दिवस संपवण्याचं वाटतं. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं तर मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. घरी हे दुसरं काम म्हणजे आपलं उरलेलं आयुष्य असतं. ऑफिसातून परतीच्या वाटेवर मन हळूहळू मोकळं व्हायचं. आता खोलीतून बाहेर आलं की समोर मुलगा वही घेऊन उभा असतो आणि डोक्यात कोणाची तरी थकबाकी घोळत असते. माझ्यापुरता तोडगा असा, की बंद करण्याआधी उद्या कुठल्या ओळीपासून सुरुवात करायची ते लिहून ठेवायचं. राहिलेलं काम कागदावर उतरलं की ते डोक्यात धरून ठेवावं लागत नाही. मग लॅपटॉप ड्रॉवरमध्ये, आणि पायात चपला घालून बाहेर एक फेरी. फोनवर ऑफिसचं चॅट रात्री बंद. पगाराच्या आठवड्यात उशीर होतो, तो मी मान्य केला आहे, कारण लोकांचे पैसे वेळेवर पोचणं ही माझी जबाबदारी आहे. बाकीच्या दिवसांत मात्र रात्री उत्तर द्यायचं नाही. एकाने रात्री साडेदहाला उत्तर दिलं की दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांकडून तीच अपेक्षा होते, म्हणून हा नियम पाळणं हे सहकाऱ्यांवरही उपकार असतात. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याचा हक्क कायद्यात आला, पोर्तुगालने २०२१ मध्ये कामाच्या वेळेनंतर कर्मचाऱ्याशी संपर्क साधण्यावर मालकांना बंधन घातलं, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ मध्ये तसा हक्क मिळाला. इतक्या सरकारांना कायदे करावे लागले, यावरून हा प्रश्न एकट्या माणसाच्या निग्रहाने सुटणारा नाही हे उघड आहे. टीमने मिळून वेळा ठरवाव्यात, लिहून ठेवाव्यात, आणि मॅनेजरने त्या आधी स्वतः पाळाव्यात.

एक गोष्ट मात्र अजूनही पुरती सुटलेली नाही, ती नव्या माणसांची. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या पहिल्या सहामाहीतल्या संपर्काचा अभ्यास झाला, त्यात दिसलं की सगळे घरी गेल्यावर लोक आपापल्या गटातच जास्त बोलू लागले आणि गटागटांतले दुवे कमी झाले. मुरलेल्या माणसाचं यात फार बिघडत नाही, त्याच्या ओळखी आधीच झालेल्या असतात. नवा मात्र कोरडा राहतो. एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर अभियंत्यांवरच्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं की टीमबरोबर एकाच इमारतीत बसणाऱ्यांना आपल्या कोडवर जास्त सूचना मिळत होत्या, आणि त्याचा सर्वाधिक फायदा नव्यांना होत होता. त्याच वेळी त्या सूचना देणाऱ्या अनुभवी मंडळींचं स्वतःचं काम मात्र कमी होत होतं. म्हणजे शिकवण्याची किंमत कोणीतरी ऑफिसातही मोजतच होतं.

आमच्याकडे अलीकडे एक मुलगी रुजू झाली. सुरुवातीला ती काहीच विचारत नसे. एकदा मीच फोन केला तेव्हा म्हणाली, "मॅडम, तुम्ही सगळे एवढे कामात दिसता, छोट्या गोष्टीसाठी मेसेज करायला नको वाटतं." ऑफिसात ती माझ्या शेजारी बसली असती तर तिने वाक्य पूर्ण करायच्या आधीच मी तिची स्क्रीन पाहिली असती. आता व्हेरिअन्स तपासायच्या दिवशी आम्ही दोघी एक कॉल उघडा ठेवतो. कॅमेरा बंद, आपापलं काम चालू. मी एखादी ओळ पाहताना मनातलं मोठ्याने बोलते, "हा मधल्या तारखेला रुजू झालाय, म्हणजे पगार दिवसांच्या हिशेबाने यायला हवा, आणि इथे पूर्ण महिना दिसतोय." इथे मोठ्याने बोलायला हरकत नाही, नाव आणि रक्कम उच्चारायची नाही एवढंच. ती ऐकते, मध्येच विचारते, कधी माझ्या आधी तिलाच सापडतं. अनोळखी विभागातल्या कोणाशी काम पडलं तर पहिला फोन मी तिला जोडून देते, पुढचा तिने करायचा. सुरुवातीचे काही महिने तिने आठवड्यातले थोडे दिवस ऑफिसात यावं आणि त्या दिवशी मीही जावं, असंही आम्ही ठरवलं. रिकाम्या मजल्यावर तिला एकटीला बोलावून काय शिकवणार?

या सगळ्यात माझे बरेच तास जातात, आणि माझ्या कामाच्या हिशेबात ते कुठेच दिसत नाहीत. म्हणून यंदाच्या मूल्यांकनात मी लेखी मागणी केली आहे की नव्या माणसाला शिकवण्यात गेलेला वेळ उद्दिष्टांमध्ये वेगळा धरावा, आणि तो माझ्यापुरताच नाही, तर शिकवणाऱ्या प्रत्येकासाठी धरावा. मॅनेजरनी ती वर पाठवली आहे.